घडोबाची बादली आणि मालवीय नगरचे घर

मी, डॉ. विनया गोविंद माईणकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, जन्म मिरजेचा, राहणार मालवीय नगर, जयपूर, निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांची नावे खाली येतीलच. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. निलय माथुर यांनी दिला आहे. त्यांना टाके घालायला मीच शिकवले. दाखला देताना आज वार कोणता, असे त्यांनी मला विचारले. ती माझी परीक्षा होती की त्यांना खरेच माहीत नव्हते, हे अजून कळलेले नाही.

वकील म्हणाले, हिंदीत लिहा किंवा इंग्रजीत लिहा. मी मराठीत लिहिते, कारण माझा मुलगा अभिजित हिंदी शाळेत शिकला आणि मराठी वाचताना त्याचे ओठ हलतात. म्हणजे त्याला हे भराभर चाळून बाजूला टाकता येणार नाही. याआधी रागाच्या भरात केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. बँकेतल्या ठेवी आणि दागिने अभिजितला. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी नात अवनीला. ती शिट्टी नाही, हे तिला पुन्हा एकदा सांगावे.

कलम २. माझी नणंद विभा हिने दिवाळीपुरते म्हणून नेलेले पितळी पुरणयंत्र मी तिला या मृत्युपत्राने देत आहे. आजवर ते तिच्याकडे नुसतेच होते, आता निदान कायद्याने तिचे होईल.

कलम ३. गच्चीवरचे मंदिर. हे मंदिर कोणत्याही पुराणात नाही, कारण ते मी रचले आहे.

माझे यजमान गोविंदराव विमा कंपनीत अधिकारी होते. बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. तिने त्यांच्या हातात मातीचा गोळा दिला आणि रोज मळायला सांगितले. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणून गोविंदरावांनी तिला तिसऱ्याच दिवशी वाटेला लावले. समजावून पाहिले, भांडून पाहिले. पण हा माणूस फक्त देवापुढे नमतो, हे मला लग्नापासून ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी मातीची बादली घेऊन त्यांना गच्चीवर नेले.

"अहो, घडोबाची मूर्ती करायची आहे. नवस बोलले आहे."

"कोण घडोबा?"

"सृष्टी घडवणारा. आपल्या मिरजेकडचा."

"मीही मिरजेचाच आहे. कधी ऐकला नाही."

"लक्ष नसेल तुमचे."

मग पुराण रचणे आलेच. ब्रह्मदेव नुसता विचार करतो, हाताने काम करतो तो घडोबा. म्हणून जगात इतक्या चुका. माणसाचे गुडघे त्याने सगळ्यात शेवटी केले, तोवर चांगली माती संपत आली होती. घडोबाला विकतची मूर्ती चालत नाही, विकतचा पेढाही चालत नाही. भक्ताने रोज सकाळी त्याला आपल्या हाताने घडवायचे, तेही उजव्या. संध्याकाळी मूर्ती पुन्हा बादलीत भिजवायची, कारण हरतालिकेसारखा हा देवही त्या दिवसापुरताच. खरे कारण एवढेच, की सकाळी पुन्हा व्यायाम व्हायला हवा. पाण्याच्या टाकीशेजारची खोली गाभारा झाली. जुना तांब्याचा बंब वर उपडा ठेवला, ते शिखर.

सुरुवातीला घडोबा म्हणजे नुसता बटाटा होता. दिवाळीच्या सुमारास त्याला कान आले. होळीला नाक आले, तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात येऊन रडले आणि मग श्रीखंडासाठी दही टांगले. पाडव्याला गोविंदरावांनी शर्टाची गुंडी स्वतः लावली. ही फसवणूक नव्हती, उपचार होता. असा पेशंट माझ्यासमोर पुन्हा बसला तर पुन्हा हेच करीन.

कलम ४. संक्रांतीला सगळे जयपूर पतंग घेऊन गच्चीवर असते. तेव्हा शेजारच्या सुनंदाने घडोबा पाहिला आणि ती रोज येऊ लागली. वर्षभरात तिला दिवस गेले. थायरॉइडच्या गोळ्या मी दिल्या होत्या, श्रेय घडोबाला मिळाले. तक्रार नाही, मोठ्या इस्पितळांतही असेच चालते. मात्र त्यानंतर जिना चढणाऱ्यांची रीघ लागली आणि कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष रणजितजी शेखावत यांना भक्तीचा उमाळा आला.

"मैडम, भगवान रोज़ बदलेंगे तो मन्नत किसको याद रहेगी?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "आपको तो याद रहेगी न? फिर?"

ते ऐकून गप्प बसणारे नव्हेत. दडपण आणणाऱ्यांत पहिले नाव यांचेच. जुन्या शहरातल्या मूर्तिकारांकडे त्यांनी संगमरवरी घडोबाची ऑर्डर दिली. चार हात, कमळ, आणि नमुन्याला फोटो म्हणून दिला स्वतःच्या वडिलांचा. ती मूर्ती गच्चीवर चढवू नये. वडिलांचे स्थान दिवाणखान्यात असते.

मातीची बादली मी सुनंदाला देते. बादली जिथे जाईल तिथे मंदिर. बंब तिला हवा असल्यास न्यावा, पण तो गळतो.

कलम ५. मालवीय नगरचे घर. हे कलम मी अभिजितशी बोलत लिहिणार आहे, वकिलांनी थोडा वेळ दुसरीकडे पाहावे.

अभिजित, हे घर पाडून चार मजले चढवायचा तुझा आराखडा मी पाहिला. दडपण आणणाऱ्यांत दुसरे नाव तुझे. आराखडा चांगला आहे, जिना अरुंद आहे. पण माझे भांडण घराचे नव्हते. बाबा आजारी असताना तू म्हणाला होतास, "आई, मतलब, तू डॉक्टर आहेस ना? बाबांच्या हातात चिखल देऊन देव देव काय करतेस? फिजिओथेरपी कर ना त्यांची." बाबा ऐकत होते, म्हणून मला तोंड उघडता आले नाही. ते गेल्यावर तू विचारले नाहीस आणि मी हट्टाने सांगितले नाही. चिखलाचे बोललास त्या दिवसापासून तू गच्चीची पायरी चढलेला नाहीस. जगतपुऱ्यातल्या तुझ्या घरून येतोस, चहा घेतोस, खालूनच जातोस. मला त्याचे फार वाईट वाटते. तुझ्या बाबांनी गुंडी लावली ती त्या चिखलाने, एवढे तुला कळायला हवे होते.

आता ऐक. बाबांना शेवटच्या आठवड्यात गच्चीवर नेले तेव्हा त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "विनया, आज तू कर. तुझ्याही बोटांना व्यायाम हवा." मी त्यांच्याकडे पाहिले. ते घडोबाकडे पाहत होते, अगदी भाविक चेहऱ्याने. त्यांना कधीपासून ठाऊक होते, हे मी विचारले नाही. मला वाटते पहिल्या दिवसापासून. मिरजेचा माणूस तो.

त्यानंतर बाबांनी आणखी एकच घडोबा केला. तो मी बादलीत भिजवला नाही. चकलीच्या भाजणीच्या डब्यामागे स्टीलच्या डब्यात आहे. नाक वाकडे आहे आणि गालावर बाबांचा अंगठा उमटला आहे.

तर अट अशी. माझे दिवस झाल्यावर गच्चीवर जा. ती मूर्ती भिजव, त्याच मातीतून तुझ्या हाताने एक घडोबा कर, संध्याकाळी तो बादलीत सोड आणि बादली सुनंदाकडे पोचती कर. मग घर तुझे. पाडायचे तर खुशाल पाड, या देवाला मोडण्याचे काही वाटत नाही.

आणि मूर्ती भिजवायला हात धजला नाही, तर माझाही इतकी वर्षे धजला नाही. तेव्हा अट रद्द समज. मूर्ती ठेव, घर ठेव. फक्त वर जाऊन ये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी कॉलेजातली मैत्रीण डॉ. गिरिजा सोवनी हिने करावी. अभिजित वर जाईल तेव्हा तिने खालीच थांबावे आणि जिन्यातून सूचना देऊ नयेत. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये, असे वकील म्हणतात. म्हणून मी रणजितजींनाच साक्षीला बोलावले आहे. त्यांना मी काहीही देत नाही, यात मला विशेष समाधान आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोघांच्या देखत सही केली.

स्थळ : जयपूर
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५, सोमवार (डॉ. निलय यांच्या माहितीसाठी)

सही : विनया गोविंद माईणकर

साक्षीदार :
१. डॉ. निलय माथुर
२. रणजित शेखावत (कलम चार वाचून झाल्यावर यांनी सही केली, पेन जरा जोरात दाबले. मग मला न विचारता गच्चीवर गेले आणि खाली आले तेव्हा हाताला माती होती.)