कुटुंब-स्वागत समिती: सदस्य एक

२ नोव्हेंबर, रविवार
आमचं सिनेगॉग शेवटच्या घटका मोजतं आहे. दहा मोठी माणसं जमल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. काल आम्ही आठ होतो, त्यातला एक झोपलेला. प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले, महिनाभरात दहा जमले नाहीत तर कुलूप लावू आणि सगळे नदीपलीकडच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये जाऊ. तिथे म्हणे मुलांसाठी गालिचा आहे. गालिचा! हजारो वर्षांची ज्यू परंपरा, आणि लोक भाळतात कशावर.
संकल्प: कुटुंबांसाठी मोकळं, प्रेमळ, हसतमुख सिनेगॉग उभारणे. स्वागत समिती स्थापन. अध्यक्ष मी. बायकोला सदस्य हो म्हटलं. म्हणाली, "अहो, आधी हसून तर दाखवा."

४ नोव्हेंबर, सकाळी ७
आरशात हसून पाहिलं. दाढ दुखत असावी असं दिसतं. हसणं म्हणजे स्वागत, हा विचारच उथळ. त्यापेक्षा फॉर्म बरा. प्रश्न फक्त एकतीस. "याआधी प्रार्थनेला का आला नाहीत?" हा प्रश्न टोचेल का, यावर तासभर विचार केला. टोचेल. ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार, अंधार पडल्यावर
(शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, लिहिणंही वर्ज्य. अंधार पडून तो संपल्याशिवाय मी पेन धरत नाही.)
नवं कुटुंब आलं! एक प्लंबर, त्याची बायको, चार वर्षांची जुळी. दारातच फॉर्म पुढे केला. प्लंबर म्हणाला, "अहो, शब्बाथला लिहायचं कसं?" माझी परीक्षा पाहत होता, हे उघड आहे. मग एकेक प्रश्न तोंडी विचारला. एकतिसावा होईतो आतली मंडळी बाहेर पडू लागली. हज्जान म्हणाले, "आत सात, दारात तीन. आज दहा होते हो."
मला दोष देण्याचा सूर होता. प्लंबर हळू उत्तरं देतो, त्याला मी काय करणार? जुळ्यांपैकी एकाने माझ्या बुटावर चघळलेलं बिस्किट ठेवलं.

१२ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. "दाजी, तुम्ही स्वागत करता की झडती घेता?" हा माणूस सोफे विकतो. कोणीही टेकलं की याला आनंद.
तरीही प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण केलं. माझ्यात अहंकार आहे का? दहा मिनिटं शोधला. सापडला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
फॉर्म रद्द. दाराशी मोठी पाटी लावली: "मुलांचं मनापासून स्वागत." खाली बारीक अक्षरात सतरा सूचना.

१५ नोव्हेंबर, अंधार पडल्यावर
दंतवैद्य बाई दोन मुलं आणि एक तान्हं घेऊन आल्या. थोरल्याने सतराही सूचना खणखणीत आवाजात वाचल्या, मग आईला विचारलं, "श्वास घेतला तर चालेल का गं?" तान्हं रडायला लागलं. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. आणखी रडलं. बाई उठून गेल्या. दिवसभर लोकांच्या दाढा उपटतात आणि स्वतःला एक नजर सहन होत नाही.
एकूण सहा.

२२ नोव्हेंबर, अंधार पडल्यावर
पाच. झोपणारा गृहस्थही आला नाही. बरं झालं. घोरायचा.

२६ नोव्हेंबर
हज्जान म्हणाले, येता शनिवार शेवटचा. मी निर्णय घेतला आहे: त्या दिवशी जाणार नाही. दारात मी नसलो म्हणजे या लोकांना माझी किंमत कळेल. मला ताप आहे असं बायकोला सांगेन. खोटं बोलणं योग्य का, यावर रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. एका संस्थेच्या भल्यासाठी आहे. योग्य.

२९ नोव्हेंबर, शनिवार, अंधार पडल्यावर
काल दुपारपासून पांघरूण घेऊन पडलो. घामाघूम झालो. बायको आणि मुलगी दुपारी उशिरा परतल्या, हसत हसत. एकूण एकतीस माणसं! प्लंबर, जुळी, दंतवैद्य बाई, त्यांचं तान्हं, आणि मी कधीही न पाहिलेली चार कुटुंबं. बायकोकडून कळताच मेहुण्याने कालच सगळ्यांना निरोप पाठवला होता: दाजी आजारी आहेत. चौकशीसाठीच आले असणार, असं मी म्हणालो. बायको म्हणाली, चौकशी कोणीच केली नाही. हज्जानांनी कुलपाचा विषय सोडला.
म्हणजे महिनाभराच्या माझ्या मेहनतीला फळ आलं. समिती यशस्वी. येत्या शनिवारी दारात उभं राहून सगळ्यांचे आभार मानायचे ठरवलं, तसं घरात जाहीरही केलं.
मुलगी माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, पण तुमचा ताप अजून उतरलेला नाहीये ना?"
बायकोने तिला गप्प केलं नाही. ती थर्मामीटर शोधायला गेली.