चर खचला ती दुपार

बाबा, आज दुपारी इकडे आखातात, हिद्दच्या साइटवर चराची भिंत खचली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला दुसरं कुणी सुचलं नाही.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याखाली आम्ही भुयारी मार्ग बांधतोय. उद्घाटनाची तारीख वरूनच ठरून आलीय, ती हलत नाही. काम मागे पडलेलं, म्हणून पंपांनी पाणी उपसत रोज आणखी खोल जात होतो. जमीन समुद्रात भराव घालून केलेली, खाली सगळी वाळूच. मी केबिनमध्ये डबा उघडत होते. पायाखालून कुणीतरी जमीन हलकेच ओढल्यासारखं झालं, मग चराच्या भिंतींना आधाराला लावलेले लोखंडी पत्रे वाकल्याचा करकराट. धावत गेले, तर सकाळी मी स्वतः जिथे उतरून उभी होते तिथे चरच नव्हता. नुसती ओली वाळू, आणि तिच्यातून वर आलेलं शिडीचं टोक.

आमचे फोरमन कुडाळकडचे. ते समोरून पळत आले. मी ओरडले, "किती दिवस जातील?" "मॅडम, सगळे भायर आसत," ते म्हणाले. "जेवूक गेल्ले. कोण खाली नाय." मी न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

मी तिथेच वाळूत बसले. आणि आपलं मिरजेचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तुम्ही पाणीपुरवठ्याच्या कामावरून आलायत, आई भाकरी थापतेय. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वहीतला तक्ता दाखवत तोऱ्यात सांगतेय की वेळापत्रक नीट आखलं तर कुठलंही काम वेळेत होतं. तुम्ही विचारता, "त्यात माणसं कुठायत?" "ही काय, ही रेघ. लेबर." तुम्ही हातातला घास ताटात ठेवता. "रेघ जेवते का गं?" एवढंच. मला तेव्हा तुम्ही जुन्या वळणाचे वाटला होतात.

संध्याकाळी डायरेक्टरचा फोन आला. "कोई मरा तो नहीं ना? तो यल्ला, चलो, कल से डबल शिफ्ट."

"नहीं सर. ज़मीन की जाँच होने तक कोई नीचे नहीं उतरेगा."

"और तारीख?"

"तारीख जाएगी."

मग, "कल ऑफिस आओ," आणि फोन बंद. उद्या नोकरी राहते की व्हिसासकट जाते, कुणास ठाऊक. भीती वाटतेय, पण त्याहून जास्त भीती त्या "किती दिवस"ची वाटते. तो माझाच आवाज होता, बाबा. इतका सहज कसा निघाला?

हे कुठे पाठवायचं नाहीच. आणि खरं सांगू? तुम्ही असतात तरी यातलं काही तुम्हाला कळलं नसतं. मी फोन करून म्हटलं असतं, इकडे सगळं ठीक आहे, तुमचं जेवण झालं का.