वेते शहर दिल्याबद्दल

…डेमाचं तोंड विणत होतो, तेवढ्यात बी मिझेने कोडं घातलं आणि मी मान वर न करता म्हणालो, "तेगा."

शिकामू, भावोजी. सलाम आधी करायला हवा होता, पण हात कामात होते, तसंच पत्रही सुरू झालं. ताईचा गुडघा कसा आहे? आम्ही बरे आहोत. वाऱ्यामुळे चार दिवस होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात, म्हणून दुपारच्या नमाजानंतर निम्मं कोजानी गाव माझ्या छपराखाली येऊन बसतं.

तेगा म्हणजे ‘सापळा लाव’. हा शब्द मी आयुष्यभर समुद्रात वापरला. बांबूच्या कामट्यांचे माशांचे पिंजरे, म्हणजे डेमा, मी पस्तीस वर्षं विणतो आहे आणि माझ्या डेमातून मासा परत गेल्याचं कोणी शपथेवर सांगणार नाही. तुम्ही शहरातले लोक कोडं ऐकायला बसताना तेगा नुसतं म्हणता. आम्ही ते पाळतो. एकदा म्हटलं की उत्तर द्यायचं, नाहीतर हार मानून कोडं घालणाऱ्याला तोंडाने एक गाव द्यायचं, मगच तो उत्तर सांगतो. मी आजवर गाव दिलेलं नाही. (एकदा मस्कत दिलं होतं, पण तेव्हा मला ताप होता.)

बी मिझे म्हणजे आमच्या शेजारची, खडकातले ऑक्टोपस धरणारी विधवा. तिचं कोडं असं: घराला दार आहे, कडी नाही, आलेला पाहुणा जात नाही. मी म्हणालो, कबर. नाही. पोट. नाही. मग तुमचं घर म्हणालो (तिथे येऊन राहणारे आम्ही ताईच्या माहेरचे लोक आठवलो), तेही नाही. सगळे माझ्या मांडीकडे बघून हसत होते. मला वाटलं, लुंगी सुटली.

शेवटी गाव द्यायची वेळ आली. मोंबासा दिलं, तर म्हणाली तिथे तिला कोण विचारतं.

"वेते दे, फाक्या. तिथे तुझे भावोजी आहेत. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत, असं तूच सांगतोस."

सांगतो, हे खरं आहे. दिलं वेते. मग रिवाजाप्रमाणे ती बसल्या जागी वेतेला जाऊन आली, तुमच्या ओट्यावरच्या हात असलेल्या खुर्चीत बसली, नारळाच्या दुधातला भात जेवली, आणि मग तिने उत्तर सांगितलं.

"डेमा. तुझ्या मांडीवर आहे तोच."

तरी अभिमानाने सांगतो, दुसऱ्या कोणाच्या विणीवर आजवर कोणी कोडं घातलेलं नाही.

तुमचा,
फाकी

ता. क. ती खरोखर येते आहे. खुर्ची तिला द्या आणि दारात चार लोकांसमोर "या, गाव तुमचं" एवढं म्हणा. नाहीतर या छपराखाली माझ्या तेगाला कोणी विचारणार नाही.

आणखी एक. तीन दिवस म्हणाली आहे, पण गाठोडं मोठं दिसतं.

सकाळी: वारा पडला. बी मिझे पहिल्या होडीने निघते आहे. वेतेला जाणारं दुसरं कोणी नाही, म्हणून पत्र तिच्याच हाती देतो. पाकीट मिळालं नाही.