काजलचं दूध

॥ श्री ॥
नांदुरा, दि. १२ जानेवारी २०२२

सौ. कौशल्याबाई यांस,
अन्नपूर्णा हिंमतराव यांचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फोन हाताशी असताना ही विहीण पत्र काय लिहीत बसली, असे तुम्हाला वाटेल. शाळेत शिकवत होते तेव्हापासून माझा नियम आहे, महत्त्वाचे बोलणे कागदावर करावे. फोनवरचे बोलणे माणूस दुसऱ्या दिवशी फिरवतो. त्यातून तुम्ही इतक्या गोड बोलता की तुमच्याशी भांडणही धड होत नाही.

शिवमने काल पुण्याहून बाळाचे फोटो पाठवले. माझ्या धाकट्या मुलाचा पहिला मुलगा, आणि रंग पाहावा तर तुमच्या मळ्यातल्या पिकल्या लिंबासारखा. डोळेसुद्धा पिवळे. तीन आठवड्यांचे मूल अजून पिवळे राहते, याचा अर्थ एकच, ते जे पिते त्यातच दोष आहे. काजलने बाळंतपणाला माहेरी येऊन लाडात काय काय खाल्ले, ते तुम्हीच जाणता. सून म्हणून ती आम्हाला आवडते. थोडी आळशी आहे, तेही चालवून घेऊ. तिचे दूध मात्र चालायचे नाही.

ते ताबडतोब बंद करा आणि डब्याचे सुरू करा. तुमच्या गावाकडे काविळीला माळ घालतात, तसले काही करू नका, आम्ही शिकलेली माणसे आहोत. तुम्हाला जमत नसेल तर माझी थोरली सून वंदना येईल. लग्नाला नऊ वर्षे झाली, कूस उजवलेली नाही. लेकराला सांभाळायला तिच्याएवढे रिकामे हात आणखी कुणाचे असणार?

बाळास आशीर्वाद. आमचा लोभ आहेच, तो टिकवणे तुमच्या हाती.
अन्नपूर्णा


लोणार, १९ जानेवारी २०२२

सौ. विहीणबाईंना कौशल्याचा सा. न.

तुमचं पत्र पोचलं. ते वाचून काजलचे वडील किसनराव वांग्याच्या वाफ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत, म्हणून मीच लिहायला बसले. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, चुकलंमाकलं पोटात घाला.

बाळाला आम्ही मेहकरला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी रक्त तपासलं. त्या म्हणाल्या, अंगावर पिणाऱ्या काही लेकरांचा पिवळेपणा असा महिना-दोन महिने रेंगाळतो, तो दुधामुळेच, पण त्यानं अपाय होत नाही, आपोआप जातो. आपल्या बाळाचं वजन वाढतंय, लघवी पाण्यासारखी साफ आहे, प्यायला लागला की सोडत नाही. पाजणं थांबवू नका, असं त्यांनी काजलला बजावून सांगितलं.

तरी तुमचा शब्द मोडवेना. लेकीला अखेर तुमच्याच घरी नांदायचं आहे. म्हणून दोन दिवस डब्याचं दूध दिलं. मले डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेच करू दे, असा काजलचा हेका होता, मीच तिला दटावलं. तिची छाती दगडासारखी झाली, ताप भरला. बाळ रडलं की तिच्या अंगावरचे कपडे भिजायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला ते बघवत नव्हतं. पण सांगायला आनंद वाटतो की लेकरू निवळलं. डोळे पुष्कळ पांढरे झाले. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम कळवते.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या मला रागावल्या. म्हणाल्या, दूध थांबवलं की रंग उतरणारच, त्यावरून हा साधाच पिवळेपणा आहे एवढं कळलं, आता पाजा. म्हणून परवापासून पुन्हा अंगावर पाजतो आहोत.

बारशाला या, मेथी काढणीला येते आहे, पिशव्या भरून देते. आमच्यावर माया असू द्या.
कौशल्या


॥ श्री ॥
नांदुरा, दि. २५ जानेवारी २०२२

सौ. कौशल्याबाई यांस, स. न. वि. वि.

तुमचे पत्र घरात सर्वांना वाचून दाखवले. दूध बंद केले आणि लेकरू निवळले, हे मी म्हणत नाही, तुम्हीच सहीनिशी लिहिले आहे. प्रत्यक्ष आईने लेकीच्या दुधाबद्दल अशी साक्ष दिल्यावर आम्ही बापड्यांनी वेगळे काय बोलावे? आणि निवळलेल्या लेकराला पुन्हा तेच पाजता. डॉक्टरीणबाईंचे काय जाते, नातू त्यांचा नाही.

येत्या शनिवारी माझा थोरला राजकुमार गाडी घेऊन येईल, बरोबर वंदना असेल. काजलने बाळ वंदनाच्या हाती द्यावे आणि आपण मागच्या सीटवर बसावे. रडारड नको, रस्त्यात मूल बिचकते. शिवमला विचारले, आई म्हणेल तसे, असे तो म्हणाला. त्याला पुण्याला नोकरीचे व्याप आहेत, बायकांच्या कामात त्याला ओढू नका.

मेथी गाडीत ठेवायला विसरू नका. लोभात अंतर नसावे.
अन्नपूर्णा


लोणार, २० फेब्रुवारी २०२२

सौ. विहीणबाईंना कौशल्याचा नमस्कार.

काजलचा फोन लागत नाही. दुरुस्तीला दिला असं तुम्ही सांगता. तिनं तुमच्या शेजारच्या डिंपलच्या फोनवरून घाईघाईनं बोलून घेतलं म्हणून आम्हाला कळलं. त्यावरून तिला बोलू नका, दोष माझा समजा, मीच तिला शपथ घातली होती.

तुम्ही तिला वाटीत दूध काढायला लावलं, त्यात मुंगी सोडली, मुंगी मेली आणि दूध विषारी म्हणून ती वाटी घरभर दाखवली. मी इथं म्हशीच्या दुधात मुंगी सोडून पाहिली, तीही मेली. साध्या पाण्यात सोडली, तीही मेली. आम्ही म्हैस विकली नाही आणि पाणी पिणं सोडलं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, मी जास्त काय सांगावं.

बाळ माडीवर वंदनापाशी असतं आणि काजलनं जिना चढायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय म्हणे. रडणं खाली ऐकू येतं. छाती घट्ट बांधून ठेवायला लावली आहे. आई, मी का जहर हाव का, असं तिनं मला विचारलं. लेकरू निवळल्याचं ते पत्र मी तुम्हाला खूश करायला लिहिलं होतं. माझ्या गोड बोलण्यानं माझ्या लेकीचं वाटोळं केलं.

अजून तिला थोडं दूध आहे. बाळाला जवळ दिलं तर वाढेल, पार आटलं तर पुन्हा येणं कठीण, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. दिवसातून एकदा तरी पाजू द्या. त्यासाठी मी नांदुऱ्याला येऊन तुमच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे.

आमच्यावर नसली तर नसो, त्या लेकरावर तरी माया करा.
कौशल्या


॥ श्री ॥
नांदुरा, दि. २८ मार्च २०२२

सौ. कौशल्याबाई यांस, स. न. वि. वि.

डोके ठेवायला येण्याची तसदी घेऊ नका, आमच्या पायांना सवय नाही. बारसे उरकले. बाळाचे नाव हरिओम ठेवले, वंदनाच्या मांडीवर. गडबडीत तुम्हाला बोलावणे राहून गेले.

हरिओमचा रंग आता इतका स्वच्छ आहे की दृष्ट लागावी. मी म्हटले तेच खरे झाले. काजलचे दूध आटले, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. तिच्या पोळ्या सुधारल्या आहेत. हात कामात असले की डोके ठिकाणावर राहते.

मूल वंदनाला आई म्हणेल आणि काजलला काकू. एका मुलाने दोन बायकांना आई म्हणणे बरे दिसत नाही. शिवम आणि काजल तरुण आहेत, त्यांना आणखी होतील. वंदनाचा चेहरा या घरात पहिल्यांदा हसरा दिसला, ते पुण्य मी तुमच्या लेकीच्या पदरी घालते. तिला माहेरी यायचे तर दार उघडे आहे, पण तिने एकटीने यावे. मी विचारले होते, ती नाही म्हणाली.

फार लिहीत नाही. लोभ दुरूनच असू द्यावा.
अन्नपूर्णा


॥ श्री ॥
नांदुरा, दि. ११ सप्टेंबर २०२४

सौ. कौशल्याबाई यांस, सप्रेम नमस्कार. वि. वि.

बऱ्याच काळाने लिहिते, कारण बातमी तशीच आनंदाची आहे. अकोल्याच्या उपचारांना यश येऊन आमच्या वंदनाला मुलगा झाला. पहिल्या आठवड्यानंतर बाळ पिवळे दिसू लागले आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. मोठ्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, अंगावर पिणाऱ्या काही बाळांना असे होते, काळजी नको, दूध मुळीच तोडू नका. किती हायसे वाटले म्हणून सांगू. तुमच्या त्या डॉक्टरीणबाईही असेच काहीसे म्हणाल्या होत्या ना? मला अंधुक आठवते. मुंगीचा विषय मी घरात कुणाला काढू दिला नाही. बाळंतिणीचे मन जपावे लागते.

आता अडचण अशी, की हरिओम पावणेतीन वर्षांचा, हट्टी, रात्री त्याला वंदनाचीच कूस हवी. बाळाला ओढतो. तिने दोघांकडे कसे पाहावे? म्हणून ज्याचे त्याला द्यावे, असे मी ठरवले. राजकुमार शनिवारी काजलला आणि त्याला तुमच्याकडे सोडून जाईल. आम्ही तिचा मुलगा तिला परत दिला, याची तिने जाण ठेवावी. वंदना दोन दिवस जेवली नाही, उगाच रडत होती. अशाने दूध जाईल म्हटल्यावर मुकाट्याने जेवली.

जुने मनात ठेवू नये. पूर्वीसारखाच लोभ करावा.
अन्नपूर्णा


लोणार, २३ सप्टेंबर २०२४

अन्नपूर्णाबाई,

तुमच्या नव्या नातवाचं भलं होवो. त्याला त्याच्या आईचं दूध मिळतंय, हे मी मनापासून चांगलं म्हणते.

हरिओम पोचला. गाडीतून उतरताना तो हसत होता. राजकुमार गाडी वळवून निघाले तेव्हा त्याला कळलं. रस्त्यावर धावला, घसा बसेपर्यंत रडला. काकू, मले आईकडे ने, एवढंच म्हणत होता. पहिल्या दिवशी काजलनं त्याला सांगून पाहिलं की मीच तुझी आई. त्यानं तिच्या तोंडावर मारलं. नंतर तो तिच्या हातचं पाणीही पिईना. किसनराव म्हणतात, लेकरू आहे, विसरेल. विसरेलही.

काल संध्याकाळी मी मळ्यातून आले तर तो काजलच्या मांडीवर बसून तिच्या हातानं वरणभात खात होता. मला इतका आनंद झाला की मी दारातच थांबले. मग ती त्याला काय सांगत होती ते ऐकू आलं. आई येऊन राह्यली, ती येईपर्यंत काकूजवळ बस, असं ती म्हणत होती. आज सकाळीही ती तेच म्हणाली आणि तो बसला.

तुमचा लोभ आम्हाला पुरून उरला, आणखी नको.
कौशल्या