सत्काराची शाल

११ ऑगस्ट
मुखेडच्या दवाखान्यातून वडलांना, दादांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा." म्हणजे काय ते मला कळलं, दादांनाही. संध्याकाळी म्हणाले, "माय, मला वढ्यापल्याड नेऊ नका."
आईला गेल्या पावसाळ्यात तिकडंच नेलं. कमरेएवढं पाणी. धाकट्या भावाचा, रमेशचा पाय घसरला, तिरडी कलंडली. वर छत नाही. ओली लाकडं, टायर, रॉकेल... नको ते.
गावाच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, पक्का रस्ता आहे. आमच्या वस्तीला मात्र ओढ्यापलीकडंच जायचं. कुठं लिहिलेलं नाही, सगळ्यांना पाठ आहे.

१३ ऑगस्ट
परवा ग्रामसभा. मी बोलणार. लातूरला कॉलेजात पोरांना वक्तृत्व शिकवते, इथं नाही बोलले तर काय उपयोग?
पहिलं वाक्य लिहिलं, "माझ्या आईचं प्रेत तुम्ही पाण्यातून न्यायला लावलंत." रमेश खूश. मग वाटलं, असं म्हटलं की माणसं कान बंद करतात. खोडलं. "आपलं गाव, आपली माती" असं काहीतरी गोड केलं. रमेश भडकला, "आक्के, खामखा त्यान्ला लोणी लावून राहिलीस तू!"
भाऊ असला म्हणून काय झालं, भाषणातलं त्याला काय कळतं!

१५ ऑगस्ट
बोलले. बाया रडल्या. सरपंच बालाजीरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात तेच उठले, "गावच्या लेकीचा सत्कार झालाच पायजे!" शाल, श्रीफळ. मी वाकून घेतलं. फोटो. जिलेबी वाटली, माणसं उठून गेली.
आणि ठराव? शेड सगळ्यांना खुली, हा ठराव मांडायचाच राहिला. ग्रामसेवक म्हणाला, "म्याडम, सभा तर संपली की."
मूर्ख बाई. नुसती मूर्ख.
दादांनी शाल बघितली. "जागा भेटली का?"
मी नारळ कोपऱ्यात ठेवला.

१८ ऑगस्ट
भाषणाचा व्हिडिओ गावभर फिरतोय. बालाजीराव पारावर भेटले. "लई भारी बोलल्या. आमच्या घरात समदे रडले."
"मग ठराव कधी?"
"घिऊ की. मानसान्ला येळ लागतोय."
दादांकडं वेळच तर नाही. त्यांना आता पाणीही गिळवत नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातला एकही बघायला आला नाही. ते पहिलं वाक्य का खोडलं मी? टाळ्या नसत्या पडल्या, शिव्या पडल्या असत्या. पण निदान सत्कार तरी झाला नसता. चीड येते, गावाची कमी, स्वतःची जास्त.

२२ ऑगस्ट
दादा सकाळी गेले. माझा हात धरून होते.
ओढा भरून वाहतोय.
बालाजीरावांचा फोन आला. आवाज खरंच जड होता. "लई वाईट झालं. काळजी करू नका, जेसीबी लावून वढ्यातली वाट करून देतो. लाकडं बी माझ्याकडून."
म्हटलं, "दादा गावाच्या शेडमधी जातील."
मग, "म्याडम, भाषणातलं भाषणात ठीक हाय."
मी फोन ठेवला.

बुद्धवंदना झाली. रमेश तिरडी बांधतोय. बाहेरून पोरं सांगत आली, शेडच्या वाटेवर गावातली माणसं आडवी थांबलीत. जेसीबीही आलाय, ओढ्यापाशी उभा आहे. रमेशनं विचारलं, "आक्के, कुन्हीकडं?" सगळी वस्ती माझ्याकडं बघतेय. रडायलाही सवड नाही.
तिथं काय बोलायचं? खोडलेलं वाक्य आठवतंय, तेवढंच.
ट्रंकेतून ती शाल काढली. पांढऱ्या कापडावरून दादांच्या अंगावर पांघरली, पायापर्यंत. गावानंच दिलेली आहे. कोण अडवतो बघू.
रमेशला सांगितलं, उचला. मी पुढं चालते.