अंतराचा रकाना

२६ फेब्रु., गुरु. शहादा
कॉलेज सुटल्यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडलं. बाळाचं जन्मवजन, आईचं वजन, दवाखान्यापासून अंतर. सॉफ्टवेअर म्हणतं, दवाखान्याच्या दारातच राहणाऱ्या, शून्य किलोच्या आईला अमुक वजनाचं बाळ होईल. लाज म्हणून नाही त्याला. गाईड सर म्हणाले, "सेंटर करून घे गं." म्हणजे प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची. मग शून्य म्हणजे सरासरी आई, सरासरी गाव. उद्या करते.
फिरत्या दवाखान्याच्या गावांची यादी सर याच आकड्यांवरून जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसला देणार आहेत. पुढच्या शुक्रवारी. लांबची गावं आधी. म्हणून घाई.

२७ फेब्रु., शुक्र.
दोन ओळींचं काम, झालं. लांबची गावं आता अधिक, जवळची उणे. सहज खाली सरकवत गेले तर मणिबेली उणे! माझ्या सासरच्या प्रकाशा गावापेक्षाही जवळ. प्रकाशाहून रिक्षा मिळते, मणिबेलीहून होडीत बसावं लागतं. अगं बाई. मूळ रकान्यात बघितलं, तिथे ३. महिनाभर हा ३ डोळ्यांसमोर होता, काही वाटलं नव्हतं.
नर्मदाकाठची सगळी गावं तशीच. तिकडची माहिती रमिलाने गोळा केली. धडगावकडची, पावरी बोलणारी, कामाला चोख. तिला फोन लावला. लागत नाही.

२ मार्च, सोम.
रमिला काठी गावच्या होळीला गेलीय म्हणे. बुधवारपर्यंत विसरायचं.
सरांना सांगितलं. "त्या ओळी काढून टाक. मॉडेल उलट छान बसेल."
काढून पाहिल्या. खरंच छान बसलं. यादीत काठावरचं एकही गाव उरलं नाही.

४ मार्च, बुध.
लागला एकदाचा फोन.
"रमिला, मणिबेलीचं अंतर तीन कसं लिहिलंस?"
"तीन तास, मॅडम."
"अगं, किलोमीटर हवे होते."
"कागदावर कुठे होतं तसं? नुसतं अंतर होतं. आमच्याकडे अंतर विचारलं की तासच सांगतात." मग तिनेच पुढे सांगितलं, "आणि पाणी उतरलं की होडी खाली लागते, चढ वाढतो. तेव्हा चार."
फॉर्म काढून पाहिला. 'अंतर', पुढे रेघ. किमी नाही, काही नाही. फॉर्म मीच केलेला. सपाटीवरच्या पोरींनी किमी लिहिले, डोंगरातल्यांनी तास, आणि मी शहाणीने दोन्हींची मिळून सरासरी काढली. संख्याशास्त्र शिकवते म्हणे मी. इतका राग आला स्वतःचा.

५ मार्च, गुरु.
तासांचे किमी होत नाहीत. होडीचे कसे करणार? किमीचे तास होतील, पण मग सपाटीवर परत विचारायला हवं. सुरुवात घरापासून. प्रकाशाला सासूबाईंना फोन, त्यांच्या अहिराणीत.
"आई, दवाखान्यात पोचाले कितला टाईम लागस?"
"मोटारसायकल घर व्हई ते अर्धा तास. नही ते अख्खी दुपार."
"मग कोणतं लिहू?"
"लिखनं ऱ्हाऊ दे. कोनं पोट दुखी ऱ्हायनं ते आधी सांग."
कोणाचंच नाही म्हटलं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. दोनदा परत फोन आला.

त्याच दिवशी, संध्या.
सरांचा मेसेज : "ओळी काढल्यास ना? सकाळी यादी जाणार."
ओळी परत आत घातल्या, अंतराचा रकाना रिकामा ठेवून. उपयोग नाही. रकाना रिकामा दिसला की सॉफ्टवेअर ते गाव आपणहून गाळतं, विचारतही नाही.
शेवटी यादीच्या डोक्यावर हाताने टाईप केलं, मणिबेली. कारणाच्या जागी : तीन तास, पाणी उतरल्यावर चार.
मॉडेलमधून आलेलं नाही हे. सर विचारणार, कुठून आलं.
यादी अजून सरांना पाठवलेली नाही.