उत्तरेनंतर पश्चिम नको

३ जून, मंगळवार

मोडलं! लग्न मोडलं म्हणे — अजून ठरलंसुद्धा नव्हतं!

दुपारी वातुलावांगहून निरोप आला. मुलीच्या आजोबांनी, त्या मार्तोरेजोंनी, नाही म्हटलं. मुलगा पसंत. घराणं पसंत. जन्मवारांची बेरीजही जुळली. पण त्यांचं घर आमच्या वायव्येला पडतं. नवरदेव घरून निघून आधी उत्तरेला आणि मग पश्चिमेला गेला की घरातलं कोणी तरी मोठं माणूस जातं — असा आमच्याकडचा जुना नियम. मलाही ठाऊक आहे, नाही असं नाही. पण तो नेमका माझ्या नातवाच्या वाटेत यायचा होता!

पंजी, सव्वीस वर्षांचा घोडा, पायरीवर बसून रडला.

"रडतोस काय? चौदा किलोमीटरवर तर आहे तुझी रेत्नो," मी म्हटलं.

"चौदाच आहेत गं आजी. पण वायव्येचे आहेत!"

सुरो महिना सत्तावीस तारखेला लागतो. सुरोत कोणी लग्न लावत नाही. आणि सुरो संपायच्या आत पंजी समुद्रापलीकडे, कालिमांतानला खाणीवर निघणार. दोन वर्षांसाठी. रेत्नो थांबेल. तिचे आजोबा तिला थांबू देतील असं वाटत नाही.

हे सगळं मी बोलते आहे आणि फोन लिहितो आहे. मला अक्षर येत नाही. सून म्हणाली, माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, झालं. मग रात्री कानात बोंडं घालून परत ऐकायचं. आतली बाई माझंच मला वाचून दाखवते, अगदी शिकलेल्या आवाजात. ऐकताना वाटतं, काय शहाणी आहे ही — शू! उतर! उतर तिथून!

कोंबडी होती. तेही लिहिलं असणार मेल्याने.

५ जून, गुरुवार

केला फोन. सरळ म्हाताऱ्यालाच.

"मी कासियेम. पंजीची आजी."

"बाई, माझं उत्तर तेच आहे."

"तुमचं उत्तर नकोच मला. उत्तरेचाच तर सगळा घोळ आहे!"

हसले नाहीत. आवाज असा, जणू दार उघडायच्या आधी कडी तपासून बघतायत. मी म्हटलं, मला नियम नीट सांगा. म्हणाले, आधी उत्तर आणि मग पश्चिम — हे चालत नाही.

"आणि आधी पश्चिम, मग उत्तर?"

तिकडे त्यांचा कोंबडा आरवला, तो ऐकू आला. परत आरवला.

"असं आजवर कोणी विचारलं नव्हतं," म्हणाले.

"मी विचारतेय."

"नवरदेवाचं चाक..." एकेक शब्द तोलून बोलत होते, "उत्तरेकडून पश्चिमेला एकदाही वळता कामा नये. वाटेत कुठेही. एकदाही. मी जातीने बघेन."

"बघा की! कोण नको म्हणतंय!"

फोन ठेवला आणि चुलीपाशी एकटीच नाचले. एकाहत्तर वर्षांची बाई! गुडघा दुखतोय आता.

६ जून, शुक्रवार

रस्ता आखायचा म्हणजे काय असतं ते आज कळलं. बोट ठेवायचं आणि ओढायचा!

पंजीने फोनवर नकाशा उघडला. आमच्या घरापासून रेत्नोच्या घरापर्यंत निळी रेघ — तिरकी, वायव्येला, निर्लज्जासारखी. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि खाली दक्षिणेला खेचलं. रबरासारखी ताणली. सोडली तर म्हैस गोठ्याकडे वळते तशी दुसऱ्याच गल्लीतून वायव्येला! परत खेचली. परत पळाली.

"नकाशाला जवळचा रस्ता आवडतो, आजी. म्हणून जिथे जिथे पळते तिथे एकेक थांबा ठोकायचा. मग सुटत नाही."

मग ठोकले थांबे. निघायचं दक्षिणेला, साखर कारखान्यापर्यंत. तिथून पश्चिमेला, कालव्याच्या कडेने. मग उत्तरेला, सागाच्या जंगलातून. आणि शेवटी पूर्वेला, वातुलावांगात. घड्याळाचा काटा फिरतो तसं! उत्तर झाली की पूर्व. पश्चिमेचं नावच नको.

आपला मुलूख मी असा वरून कधी बघितला नव्हता. पंजी एकेक नाव वाचायला लागला तर मी म्हटलं, गप्प बस, मला दिसतंय. हे आमचं छप्पर — उजवीकडची नवी कौलं लाल. हा कालवा. हे वारसीचं शेत, अजून बांध घातलेला नाही आळश्याने. अक्षर नाही येत, पण शेत येतं मला वाचता.

थांब्यांना नावं द्यायची होती. पंजी गावांची नावं टाकत होता. मी म्हटलं, गावाच्या नावाने कोणी वळतं का? मी बोलते, तू लिही. "कारखान्याचा वास आला की उजवीकडे." "कालवा इथे सोडा, हळहळू नका." "डावीकडे बघूसुद्धा नका."

तेरा थांबे झाले. फोन म्हणाला, दहाच चालतील. मेला नियमवाला! तीन काढले तर रेघ जंगलापाशी लगेच पश्चिमेला कलंडली. एक थांबा जरा वर सरकवला, दुसरा जरा बाजूला. संध्याकाळपर्यंत तेच. भात करपला. सून बोलली. बोलू दे.

चौदाचे त्र्याहत्तर झाले!!

८ जून, रविवार

रेघ सगळ्या नातेवाइकांना पाठवली. एकदाच दाबलं आणि चौतीस घरी पोहोचली! मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही लिहून पाठवलं असेल, तर ते हे.

१४ जून, शनिवार

आज तालीम. बोटं अजून तेलकट आहेत, पण आत्ताच बोलून टाकते.

मार्तोरेजोंना त्यांच्या पुतण्याने सकाळी आमच्याकडे आणून सोडलं. ताठ. इस्त्रीचा बाटिक सदरा, डोक्यावर काळी टोपी आणि हातात पितळेचं होकायंत्र. जंगलखात्यात चाळीस वर्षं राखणदार होते म्हणे. होकायंत्र तेव्हाचं. गाडीत पंजीच्या शेजारी बसले, यंत्र मांडीवर घेतलं, आणि जे गप्प बसले! मी मागे, डबा घेऊन.

दक्षिण — मान हलवली. पश्चिम, कालवा — मान हलवली. पंजीच्या मानेवरून घामाची धार. पोरगं परीक्षेला बसल्यासारखं गाडी हाकत होतं.

मग जंगल. उत्तरेला चाललोय, चाललोय — आणि, "थांब!"

पंजीने असा ब्रेक मारला की डबा माझ्या पोटात.

"काटा बोटभर पश्चिमेला गेला," मार्तोरेजो म्हणाले.

"खड्डा चुकवला त्याने," मी मागून.

"नियमात खड्डा नाही."

"रस्त्यात आहे ना! पडला असता त्यात, तर तुम्ही आत्ता होकायंत्र नाही, दात शोधत असता."

मागे वळून बघितलं त्यांनी माझ्याकडे. पहिल्यांदा. डोळे बारीक करून. मला वाटलं, संपलं, उतरतायत आता. पण खांदे हलायला लागले. हसत होते! आवाजच नाही त्यांच्या हसण्याला, फक्त खांदे.

पण उतरले खरेच. रस्त्यावर उभे राहून यंत्र धरलं. पुढचं वळण खड्ड्याचं नव्हतं. रस्ता सरळसरळ पश्चिमेला वळत होता, शंभर पावलं तरी. वरून बघताना मला ते दिसलं नव्हतं, सागाची पानं आडवी आली. पंजीचा चेहरा राखेसारखा झाला. आता काय बोलायचं? खोटं बोलून नातवाचं लग्न कसं लावायचं?

डबा उघडला. दुसरं सुचलंच नाही. केळीच्या पानातलं, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे पुढे केलं. झाडाखाली बसून त्यांनी सहा तुकडे खाल्ले.

"मीठ कमी आहे," म्हणाले, आणि सातवा घेतला. मग म्हणाले, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तेंपे बाजारचंच. मी म्हटलं, माझे धनी जाऊन बारा झाली, त्यांनाही मीठ कमीच लागायचं. "म्हणजे तुम्ही बारा वर्षांत सुधारला नाहीत," म्हणाले. घ्या! मला वाटत होतं, टोमणे मारणारी मी एकटीच.

हात पुसून उठले आणि जंगलाकडे बोट केलं. "तिकडे लाकडाच्या गाड्यांची जुनी वाट आहे. मीच राखायचो. नाकासमोर उत्तर."

"नकाशावर नाही दिसत," पंजी म्हणाला.

"नकाशा जंगलात नोकरीला होता का?"

गेलो तिकडून! पालापाचोळा, खडखडाट, पण काटा हलला नाही. पलीकडे बाहेर पडलो तेव्हा मार्तोरेजो म्हणाले, द्या तो फोन इकडे. आपल्या बोटाने आमची रेघ ओढायला लागले. बोट केळ्याएवढं जाड. पहिल्या झटक्याला नकाशा उडून समुद्रात! दुसऱ्याला कुठल्या तरी बेटावर! पंजी हसून हसून चाकावर आडवा. शेवटी जुना एक काढून आम्ही दोघांनी मिळून ठोकला तो थांबा. वाट नकाशात नाही, म्हणून नुसताच झाडांमध्ये. नाव मी विचारलं.

"लिहा: इथे मार्तोरेजोवर विश्वास ठेवा," म्हणाले.

त्यांना घरी सोडलं. उतरताना पंजीला म्हणाले, "बावीस तारीख. रविवार. सकाळी आठ."

जुळलं! जुळलं! जुळलं!

२१ जून, शनिवार

वाजिक थापला, चिकट तांदळाचा, गूळ घालून. राजा केळ्यांचे दोन घड, दोन बकऱ्या, नवी कापडं, नेसायचे सारोंग. सगळं टेम्पोत जायचं. गाड्या पाच. पाचही फोनांत माझी रेघ. पंजीच्या फोनमधून त्याचा ठिपका मुलीकडच्यांना दिसत राहील, अशी सोय केली आहे. मार्तोरेजोंची अट. झोप येत नाही. हसू येतंय.

२२ जून, रविवार

लागलं लग्न. पण कसं!

साडेपाचला निघालो. नवरदेव जरीचा कोट, कमरेला खंजीर, फुलांची माळ — आणि खिसा एकही नाही. नवरदेवाच्या पोशाखाला खिसा नसतो, हे चौतीस घरांत कोणाच्या डोक्यात आलं नाही! फोन त्याने पिशवीत टाकला. पिशवी टेम्पोत. आणि टेम्पो निघालाच नाही. बकरी सुटली होती.

आम्हाला काय माहीत! आम्ही चार गाड्या दक्षिण, पश्चिम, मजेत. जंगलात तर फोन मुकेच. तिकडे वातुलावांगात अंगणात सगळं गाव ठिपक्याभोवती जमलेलं. ठिपका आमच्या दारातच! तास झाला, हलत नाही. दीड तास. लोक म्हणाले, नवरदेव फिरला. मार्तोरेजो म्हणाले म्हणे, "येईल. त्याची आजी आहे सोबत."

मग बकरी सापडली. टेम्पोवाला, सुनेचा भाऊ, उशीर झाला म्हणून घाबरलेला. फोनने विचारलं, जवळचा रस्ता आहे, घेऊ? याने हो दाबलं. आणि गावादेखत ठिपका उत्तरेला सुटला — आणि टकदिशी पश्चिमेला वळला!

आम्ही जंगलातून बाहेर पडून पूर्वेला लागलो तोच सुनेचा फोन वाजला.

"कासियेमबाई! वळला! माझ्या डोळ्यांदेखत वळला!" मार्तोरेजोंचा आवाज कापत होता. रागाने नाही. रेत्नो मागे रडत होती, ते ऐकू येत होतं.

"काय वळलं?"

"ठिपका!"

मी सुनेकडे बघितलं. सुनेने पंजीकडे बघितलं. पंजीने आपला कोट चाचपला.

"अहो, ती केळी आहेत!" मी ओरडले. "पंजीचा फोन केळ्यांच्या टेम्पोत राहिलाय! केळ्यांना कुठे लग्न करायचंय!"

"हे मी कशावरून मानू? इथे शंभर माणसं उभी आहेत, बाई. मला त्यांना काही तरी दाखवायला हवं."

खरं होतं ते. ठिपक्यावर ज्यांनी विश्वास ठेवला, ते माझ्या शब्दावर का ठेवतील? मग सुचलं. सुनेला म्हटलं, तोंड दिसेल असा फोन लाव. आणि तो पंजीसमोर धरला.

"पंजी, ऊन कुठे आहे?"

"डोळ्यात! आजी, काहीच दिसत नाहीये!"

एक डोळा मिटलेला, दुसरा मिचमिचतोय, माळ वाकडी, कपाळावर सकाळचं कोवळं ऊन भसाभस. सकाळी ऊन समोरून येतं ते पूर्वेला जाणाऱ्यालाच. हे शिकायला शाळा लागत नाही. तिकडे शंभर माणसं एकदम हसली. फोनातून गाडीत मावेना हसणं!

दारात मार्तोरेजो उभे. आमच्या गाडीच्या नाकावर होकायंत्र ठेवलं, बघितलं, झाकण मिटलं. "या," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, "या, विहीणबाई." टेम्पो आमच्या आधीच पोहोचला होता. अर्धा घड बकरीने खाल्लेला.

पंजीने कबूल म्हटलं तेव्हा रेत्नोच्या नाकातून पाणी. माझ्याही.

२५ जून, बुधवार

खालच्या आळीतली दोन घरं आली. त्यांच्याही मुलांचं वायव्येलाच अडलंय! दुवा मागत होते, रस्त्याचा. दिला. वर हातही ठेवला डोक्यावर. म्हणजे दोन्ही दुवे दिले.

२९ जून, रविवार

मार्तोरेजोंचा फोन. रेत्नोला बघायला यावंसं वाटतं म्हणाले. मी म्हटलं, या की, तुमच्याकडून आमच्याकडे सरळ आग्नेय, काहीच अडत नाही. म्हणाले, येताना नाही, पण परतताना वायव्य पडते, त्याचं काय करायचं?

मला हसूच आलं. म्हटलं, अहो, पाहुण्याला कसली दिशा! तो नियम फक्त नवरदेवाला.

कोंबडासुद्धा आरवला नाही.

"ते ठाऊक आहे मला," म्हणाले.